सीनियरना जोडून देतो

“खोक बघू,” उपासनी सर म्हणाले.

मी खोकलो.

“हे खोकणं झालं? हे आत येऊ का विचारल्यासारखं वाटतंय. पोटातून खोक.”

मी पोटातून खोकलो. सरांनी गाण्याच्या परीक्षेतल्या परीक्षकासारखं डोळे मिटून ऐकलं आणि निराश होऊन मान हलवली. दोन दिवस ते मला स्वतःच्या खिशातून कुल्फी खायला घालत होते. नोकरीला लागल्यापासून ऑफिसातल्या कुणी माझ्यावर केलेला हा पहिलाच खर्च, आणि तोही वाया गेला होता. एरवी पंखा वाढवला तरी मला शिंका येतात. त्या दिवशी घसा ठणठणीत.

खाली गाडीचं दार वाजलं. सरांनी खिडकीतून वाकून पाहिलं.

“आल्या. लक्षात ठेव, तू समीर आहेस आणि तुझा घसा बसलाय.”

पहिली गोष्ट खरी होती. अडचण एवढीच की तिथे सगळेच समीर होते.

हे जरा सांगायला हवं. नाशिकला सातपूरच्या रस्त्यावर, टायरच्या एका दुकानाच्या वर आमचं कॉल सेंटर होतं. पाणी शुद्ध करायची मशिनं बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीचे मराठी फोन तिथे यायचे. मशीन गळतंय, मशीन पीं-पीं करतंय, मशीन पीं-पीं करायचं थांबलंय म्हणून काळजी वाटतेय. आमचे मॅनेजर उपासनी सर. ग्राहकाला ओळखीचा माणूस लागतो, असं त्यांचं मत होतं. म्हणून फोनवर सगळ्या मुलांनी आपलं नाव समीर सांगायचं आणि सगळ्या मुलींनी मेधा. माझं नाव चैतन्य बोडके, पण ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर असायचं.

हळूहळू समीरला स्वतःचं आयुष्य फुटलं. ग्राहक गप्पिष्ट असतात. एखादा समीर एखाद्या काकांना सांगून बसायचा की माझं लग्न ठरलंय. मग चहाच्या वेळी बाकीच्या समीरांना ते कळवावं लागायचं, कारण काकांचा पुढचा फोन कुणालाही लागू शकत होता. असं करत समीरचं लग्न झालं, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, पाथर्डी फाट्याला त्याने फ्लॅटही घेतला. आमच्यापैकी एकाचंही यातलं काही झालं नव्हतं. आमच्या पगारात फार तर ऑपरेशन झालं असतं, तेही एकाच गुडघ्याचं.

बढतीचंही तसंच. ग्राहक चिडला की म्हणतो, तुमच्या सीनियरला द्या. आमच्याकडे सीनियर नव्हता. काचेच्या केबिनमध्ये त्याची खुर्ची होती, फिरणारी, हात टेकायची, आणली त्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या वेष्टनात. पुण्याचं ऑफिस माणूस मंजूर करत नव्हतं. मग आम्ही म्हणायचो, “थांबा, मी तुम्हाला माझ्या सीनियरना जोडून देतो,” आणि फोन शेजारच्या खुर्चीवर ढकलायचो. शेजारचा समीर आवाज जाड करून सीनियर व्हायचा. चार वर्षांत मला रोज बढती मिळाली. फोन ठेवला की गेली.

माझ्या शेजारी रामकृष्ण पेडणेकर बसायचा. कणकवलीचा. इतका सावकाश बोलायचा की ग्राहकांना तो जन्मापासून सीनियर वाटायचा. मी त्याला म्हणायचो, पेडण्या, जरा उरक. तो म्हणायचा, “पाण्याचो प्रश्न आसा, घाई कित्याक?”

घाई होती, कारण नियम होते. फोन सहा मिनिटांत संपवायचा, हा एक. आपण होऊन फोन ठेवायचा नाही, ग्राहकानेच ठेवायचा, हा दुसरा. दोन्ही एकाच चौकटीत, एकाच काचेखाली, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी लावलेले होते. तिसरा नियम सोपा होता. मोबाइल दाराशी वॉचमनच्या क्रेटमध्ये टाकायचा. आत सापडला तर त्याच दिवशी घरी.

मे महिन्यात एका दुपारी पेडणेकरचा फोन लांबला. त्याच्या पडद्यावरचा वेळेचा चौकोन पिवळा झाला, मग लाल. मी माझं आटोपून त्याच्याकडे पाहिलं तर तो बोलतच नव्हता. हेडफोन कानाशी दाबून, डोळे बारीक करून बसला होता. मधूनच म्हणायचा, “मी आहे, काकू. मी आहे.” आणि परत गप्प.

मी खुणेने विचारलं, काय?

“शिट्ट्या,” तो म्हणाला.

थोड्या वेळाने त्याने डब्याच्या पिशवीतून मोबाइल काढला, टेबलाखाली वाकून कुणाशी तरी बोलला आणि परत हेडफोन लावला. मी आहे, मी आहे. त्याचा लाल चौकोन आता उघडझाप करायला लागला होता. तो तसं करू शकतो हेच आम्हाला माहीत नव्हतं, कारण तिथवर कुणी पोचलंच नव्हतं. उपासनी सर उठून आले.

“पाऊण तास काय करतोयस तू?”

“शिट्ट्या मोजतंय, सर.” पेडणेकर घाबरला की त्याची मालवणी बाहेर यायची.

सरांना मांडीवरचा मोबाइल दिसला. पेडणेकर म्हणाला, “सर, कोण तरी येऊंदे. मग जातंय मी.” सर म्हणाले, तुझ्या जागी येईल कुणीतरी, त्याची काळजी करू नकोस. आणि त्यांनी त्याच्या डोक्यावरचा हेडफोन काढून घेतला.

तो डब्याची पिशवी घेऊन दाराकडे निघाला तेव्हा मी तोंडाने कुकरची शिट्टी मारली. मजला हसला. तोही जरासा हसला. माझा सगळ्यात चाललेला विनोद हाच. पुढे कुणाचाही फोन लांबला की शेजारचा विचारायचा, कितवी शिट्टी? शेवटी शेवटी सरसुद्धा विचारायला लागले.

पेडणेकर गावी परत गेला. एकदा फोन केला तर म्हणाला, काजूच्या कारखान्यात लागलोय, बरं आहे. मशीनच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नाही.

इकडे माझं वेगळंच चाललं होतं. सिन्नरला माझ्या दाजींचा पोल्ट्री फार्म आहे. दाजी रविवारी फोन करायचे. “काय मेव्हणे, कोंबड्या विचारत होत्या तुम्हाला.” माझ्या वडिलांनाही आता कोंबड्यांचं पटायला लागलं होतं. चार वर्षं झाली, तू तिथे कोण आहेस, हा त्यांचा प्रश्न होता. समीर, हे उत्तर मी देऊ शकत नव्हतो. शेवटी ठरलं की दिवाळीपर्यंत बढती मिळाली तर नाशिक, नाहीतर भाऊबीजेपासून खुराडं. मला कोंबड्यांची भीती वाटते. त्या एका डोळ्याने बघतात. असं कारण मोठ्या माणसांपुढे देता येत नाही.

आणि दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून फोन आला. निफाडच्या गायधनी नावाच्या एका काकूंनी थेट हेड ऑफिसला कळवलं होतं की तुमच्या समीरमुळे मी जिवंत आहे, मला त्याला भेटायचंय. पुणं फार खूश झालं. तिथल्या मोठ्या साहेब देवस्थळी मॅडम स्वतः काकूंना गाडीत घालून नाशिकला आणणार होत्या. शाल, नारळ, फोटो, आणि समीरला सीनियरची जागा.

उपासनी सर खुर्चीत बसून राहिले. सगळे समीर आहेत हे पुण्याला कधी कळवलेलंच नव्हतं. संगणकात प्रत्येक फोनपुढे समीर. जुनी रेकॉर्डिंग पुसली गेलेली. काकू एवढंच म्हणाल्या होत्या की त्याने माझी साथ सोडली नाही. आम्ही सगळ्यांनी आठवून पाहिलं की आपण कुणाचा जीव वाचवलाय का. पेडणेकरच्या खुर्चीवर आता अझहर तांबोळी बसायचा. तो म्हणाला, एकाला मी पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं होतं.

सरांनी मला निवडलं. “बोडके, तुझा आवाज कुणाचाही असू शकतो,” ते म्हणाले. चार वर्षांत माझ्या कामाबद्दल एवढं चांगलं कुणी बोललं नव्हतं. फक्त एक बारीक अडचण होती. काकूंनी मधल्या काळात दोनतीनदा आमच्याकडे फोन केला होता, आणि प्रत्येक समीरने मीच तो म्हणून सांगितलं होतं. त्यांनी मॅडमना सांगितलं होतं, नाव तेच आहे हो, पण आवाज तो नाही. म्हणून कुल्फी.

तर त्या आल्या. देवस्थळी मॅडमच्या हाताला धरून, दुसऱ्या हातात काठी, एकेक पायरी चढत. एवढ्याशा होत्या. काठीच्याच हाताला कापडी पिशवी लटकवलेली, तिच्यात चकल्यांचा पत्र्याचा डबा. सरांनी त्यांना केबिनमध्ये घेतलं आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून दार घट्ट लावून घेतलं. मला सीनियरच्या खुर्चीवर बसवलं होतं. प्लॅस्टिक काढायला सर विसरले होते. मी श्वास घेतला तरी खुर्ची चुरचुरायची.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. एका डोळ्यात नुकतंच मोतीबिंदूचं काम झालेलं असावं, त्या मान तिरकी करून बघत होत्या. मला उगाच सिन्नर आठवलं.

“बोल बरं काहीतरी.”

“नमस्कार,” मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, “मी समीर बोलतोय. मी आपली काय मदत करू शकतो?”

“घसा बसलाय वाटतं.”

“थंडी सुरू झाली ना,” सर म्हणाले. बाहेर ऑक्टोबरचं कडक ऊन होतं.

मॅडमनी माझ्या खांद्यावर शाल टाकली. शाल लोकरी होती. घाम पाठीवरून खाली प्लॅस्टिकवर जमा होत होता. त्यांनी हसून पर्सवर हात ठेवला आणि म्हणाल्या, बढतीची ऑर्डर घेऊनच आलेय मी, फोटो झाला की देते. मग काकूंना म्हणाल्या, तुम्ही गाडीत सांगत होतात ते यांच्यासमोर सांगा ना.

काकू सांगायला लागल्या. मशीनमधून पाणी थांबत नव्हतं म्हणून त्यांनी फोन केला. समीर म्हणाला, आधी मुख्य कॉक बंद करा, मी थांबतो. कॉक न्हाणीघरात. त्यांनी फोन स्पीकरवर करून ओट्यावर ठेवला. शेगडीवर डाळीचा कुकर होता. न्हाणीघरात पाय घसरला आणि त्या पडल्या, त्या पडल्याच. खुबा मोडला होता. घरात दुसरं कुणी नाही. ओरडायला गेलं तर आवाज निघेना.

“आणि कुकर शिट्ट्या देतोय,” काकू म्हणाल्या. “एक झाली, दोन झाल्या, थांबेचना. मला वाटलं, आता हा फुटणार. आणि ओट्यावरून याचा आवाज. मला उत्तर देता येत नव्हतं, तरी बोलतच होता.”

माझी खुर्ची चुरचुरली. मी हललो नव्हतो, निदान मला तसं वाटलं. मी सरांकडे पाहिलं. सर नारळाकडे बघत होते.

“याने तिथून आमच्या निफाडच्या मेकॅनिकला फोन लावून पाठवला. तो पोरगा मागच्या दाराने शिरला. पण तो येण्याच्या जरा आधी काय झालं, याचा आवाज एकदम बंद झाला. मधेच. मला वाटलं, मीच गेले.”

“नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो कधीकधी,” उपासनी सर म्हणाले. त्यांच्या बोटांना अजून त्या हेडफोनची वायर आठवत असणार, कारण ते पँटला बोटं पुसत होते. “मॅडम, फोटो घेऊ या का? यांना परत निफाडला जायचंय.”

मॅडमनी नारळ उचलला. काकूंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“एकच विचारायचंय याला. मग काय ते द्या.” त्या माझ्याकडे वळल्या. “तेव्हा तू मला सारखं काय म्हणत होतास? ते एकदा म्हण. पुढे ठाण्याला लेकीकडे पडून होते महिनोन्‌महिने, रात्री तेच ऐकायची मी. तेवढं ऐकलं की झालं.”

मला उत्तर माहीत होतं. माझ्या डाव्या कानाशी ते पाऊण तास चाललं होतं. तीन-चार शब्द होते. ते म्हटले की ऑर्डर, खुर्ची, नाशिक. घसा बसलेला असल्यामुळे आवाजाचाही प्रश्न नव्हता. सर माझ्याकडे बघत होते, आणि मला कळलं की हे शब्द त्यांनाही माहीत आहेत, आणि मला माहीत आहेत हेही त्यांना माहीत आहे. त्यांनी हनुवटीने हळूच खूण केली. म्हण.

मी तोंड उघडलं. कोंबड्या स्पष्ट दिसत होत्या, सगळ्या, मान तिरकी करून.

“थांबा काकू,” माझ्या तोंडून निघालं, घोगरेपणा नसलेल्या आवाजात. “मी तुम्हाला माझ्या सीनियरना जोडून देतो.”

“तुला कुठे सीनियर आहे?” मॅडम म्हणाल्या. “सीनियर आता तूच.”

मी शालीसकट उठलो, दार उघडलं, मजला ओलांडून वॉचमनपर्यंत गेलो आणि क्रेटमध्ये हात घालून माझा मोबाइल शोधायला लागलो. सगळ्यांचे मोबाइल सारखेच, काचा तडकलेले. वॉचमन शालीकडे बघून उभा राहिला, त्याला वाटलं मी निवृत्त झालो. मोबाइल घेऊन परत आत आलो. सर दारातच होते. चार वर्षांची सवय त्यांच्या तोंडून बाहेर पडली.

“बोडके, मोबाइल आत आणायचा नाही.”

“बोडके कोण?” मॅडमनी विचारलं.

“मी,” मी म्हणालो.

“मग समीर?”

मी येताना दार लावायला विसरलो होतो. सगळा मजला आत ऐकू येत होता. नमस्कार, मी समीर बोलतोय. नमस्कार, समीर बोलतोय. हो आजोबा, मीच समीर, आईचे गुडघे आता बरे आहेत. देवस्थळी मॅडम नारळ हातात धरून ऐकत राहिल्या.

मी पेडणेकरचा नंबर लावला आणि मोबाइल स्पीकरवर करून टेबलावर, चकल्यांच्या डब्याशेजारी ठेवला. रिंग जात होती. तो उचलायलाही वेळ लावायचा.

“बोल रे मेल्या.” मागे मशीनची घरघर.

“पेडण्या, एक ग्राहक आहेत. सीनियरशी बोलायचं म्हणतात.”

“वेड लागला काय तुका? मी काजू फोडतंय हय.”

काकू टेबलावर वाकल्या. मोबाइलशी लोक बोलतात तसं नाही, झाकण उघडून पातेल्यात डोकावतात तसं.

“निफाडहून गायधनी बोलतेय,” त्या म्हणाल्या.

पलीकडे नुसतं मशीन. मग ते मशीन लांब लांब जायला लागलं. तो चालत बाहेर येत असणार. कुठलंसं दार वाजलं. कावळा ओरडला. सर घड्याळाकडे बघत होते.

“मी आहे, काकू,” पेडणेकर म्हणाला.

काकूंनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. “हाच,” त्या मॅडमना म्हणाल्या, आणि सीनियरच्या प्लॅस्टिक गुंडाळलेल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. मॅडमनी सगळं पुण्याला कळवलं. पुण्याने पेडणेकरला सीनियरच्या जागेसाठी विचारलं. मोबाइल आत चालेल का, असं त्याने उलट विचारलं, आणि पुणं त्यावर विचार करत असताना जागेची मुदत संपली. उपासनी सरांची पुण्याला बदली झाली, वरच्या पदावर. समीर नाव बंद करून ज्याने त्याने आपलं नाव सांगावं असा हुकूम आला. ग्राहक फार हळहळले. समीर कुठे गेला, असं रोज कुणीतरी विचारायचं. आम्ही सांगायचो, त्याला बढती मिळाली. भाऊबीजेला मी ताईला साडी दिली आणि दाजींनी मला गमबूट दिले. कोंबड्या अजूनही एका डोळ्याने बघतात, पण त्या सीनियरला बोलवा म्हणत नाहीत.

मला मात्र आठवते ती त्या दिवशीची, केबिनमधली त्यानंतरची वेळ. काकू त्याला खुब्याचं सांगत होत्या. तो सावकाश विचारत होता, चालता येतं का, जिना चढता येतो का. मेकॅनिक फक्त दवाखान्यात नेली म्हणाला, पुढचं काय कळलंच नाही, असं तो दोनदा म्हणाला. मग त्याने डाळीचं विचारलं. डाळ कोळसा झाली होती. मग दोघांचं बोलणं संपलं, तरी फोन चालूच होता. मॅडमनी नारळ खाली ठेवला. सर सवयीने म्हणाले, सहा मिनिटं होऊन गेली. मी म्हणालो, सर, ग्राहकाने ठेवायचा असतो.

काकूंनी डबा उघडून सगळ्यांपुढे चकल्या फिरवल्या. फोन त्यांनी ठेवला नाही. तिकडून कावळा ऐकू येत होता, आणि पेडणेकर श्वास घेत होता.